मारलं का?

इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवणाऱ्या कारखान्यातलं सगळ्यात शांत काम कोणतं असं कुणी विचारलं, तर मी फर्मवेअरच्या टेबलाकडे बोट दाखवीन. बाकी सगळीकडे काही ना काही चालू असतं. पार्ट बसवणारं मशीन टकटकत असतं, सोल्डरिंगच्या बाजूनं धुराचा वास येत असतो, कन्व्हेयर कुरकुरत असतो आणि या सगळ्यांच्या वर सुपरवायझरचा आवाज असतो. फर्मवेअरच्या टेबलावर मात्र एक ताई बसलेल्या असतात. त्या बोर्ड उचलतात, जिगमध्ये ठेवतात, दांडी खाली ओढतात, काही सेकंद थांबतात, हिरवा दिवा लागला की दांडी वर करतात आणि बोर्ड पुढच्या ट्रेमध्ये सरकवतात. ठिणगी नाही, आवाज नाही. बोर्ड आत जाताना जसा दिसत होता तसाच बाहेर येतो.

आता या टेबलाभोवतीची भाषा ऐका. ‘सकाळपासून किती मारले?’ ‘दोनशे मारले, तीन मेले.’ ‘बाकीचे गँगवर टाका.’ ‘खिळ्यांवर नीट दाबा, नाहीतर बर्न होणार नाही.’ ‘फ्यूज उडवला का?’ ‘उडवला. एकाची वीट झाली.’ पार्टिशनच्या पलीकडे उभ्या असलेल्या पाहुण्यानं एवढंच ऐकलं, तर तो चहा न घेता एमआयडीसीच्या पोलीस चौकीकडे वळेल.

प्रत्यक्षात घडतं इतकंच, की एका फाइलची नक्कल एका चिपमध्ये उतरते. या कामात बघण्यासारखं काहीच नसतं, आणि माझ्या मते म्हणूनच त्याची क्रियापदं इतकी जोरकस आहेत. लोहाराला ‘मी लोखंडाचा संहार केला’ असं सांगावं लागत नाही, कारण त्याचा घण सगळ्या आळीला ऐकू येतो. ज्याच्या कामाचा पुरावाच दिसत नाही, त्याला निदान शब्दांतून तरी धूर काढावा लागतो.

आधी हे फर्मवेअर म्हणजे काय ते पाहू. घरातलं वॉशिंग मशीन, विजेचं मीटर, एसीचा रिमोट, स्कूटरचा डिजिटल मीटर या सगळ्यांच्या पोटात एक छोटा संगणक असतो आणि त्याला ‘काय करायचं’ हे सांगणारा मजकूर त्याच्यातच कायमचा मुक्कामाला असतो. तो मजकूर म्हणजे फर्मवेअर. हा शब्द आशर ऑप्लर यांनी १९६७ साली ‘डेटामेशन’ या अमेरिकी मासिकातल्या लेखात वापरला. हार्डवेअर कडक, सॉफ्टवेअर मऊ, आणि हे दोघांच्या मधलं, म्हणून ‘फर्म’. तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर संगणकाच्या प्रोसेसरच्या आतल्या सूक्ष्म सूचना होत्या. पुढे शब्द पसरला आणि आता दिवाळीच्या माळेतल्या चिपमध्येही फर्मवेअर असतं. थोडक्यात, नाम सभ्य आहे. भानगड सगळी क्रियापदात आहे.

मराठी माणसानं ही भानगड एका झटक्यात मिटवली. त्यानं ‘मारणे’ हे क्रियापद लावलं आणि तो मोकळा झाला. कुठल्याही गावात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात जा. फोन चालू होत नाही म्हटलं की तो पोरगा फोन हातात घेऊन, उलटासुलटा बघून सांगतो, ‘सॉफ्टवेअर उडालंय काका, मारावं लागेल.’ काका विचारतात, ‘किती घेणार मारायचे?’ आजूबाजूचं गिऱ्हाईक ढिम्म हलत नाही. कारण आपण मराठीत सगळंच मारतो. रंग मारतो, झाडू मारतो, शिक्का मारतो, फेरी मारतो, गप्पा मारतो, पिकावर औषध मारतो, सायकलला पंप मारतो, शाळेला दांडी मारतो आणि वर थापाही मारतो. इतक्या सगळ्या मारामारीत कुणालाच लागत नाही. तेव्हा सॉफ्टवेअर मारलं तर त्यात विशेष ते काय? या क्रियापदाची मोठी सोय अशी की नेमकं काय केलं हे सांगावं लागत नाही. मोठा धोकाही तोच. पण त्याबद्दल पुढे.

इंग्रजी बोलणाऱ्यांनी मात्र या कामासाठी आगीचे शब्द घेतले. त्यातला थोरला म्हणजे ‘बर्न’. बिचाऱ्यावर अतिशयोक्तीचा आरोप होतो, पण मुळात तो अगदी खरं बोलत होता. १९५६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या गार्डन सिटी इथं अमेरिकन बॉश आर्मा या कंपनीत वेन त्सिंग चौ नावाच्या संशोधकानं एकदाच लिहिता येईल अशी स्मृती शोधून काढली. अ‍ॅटलस क्षेपणास्त्रातल्या संगणकासाठी अमेरिकी हवाई दलाला तशी गरज होती. तिच्या एका पद्धतीत जास्तीचा विद्युतप्रवाह सोडून डायोडच्या आतली केसासारखी तार खरोखरच जाळून टाकत. जळाली तो एक अर्थ, शाबूत राहिली तो दुसरा. हे झालं अस्सल जाळणं. एकदा जळलेली तार पुन्हा जोडता येत नाही, त्यामुळे चूक झाली तर चिप कचऱ्यात. ‘एकदाच लिही, नीट लिही’ असं बजावणारं तंत्रज्ञान जगात फार नाही.

पुढे जाळपोळ थांबली, पण शब्द राहिला. १९७१ मध्ये इंटेलमध्ये डोव्ह फ्रोमन यांनी ईप्रॉम ही पुसून पुन्हा लिहिता येणारी स्मृती बनवली. पहिल्या ‘१७०२’ या चिपमध्ये २५६ बाइट मावायचे. म्हणजे आज लग्नाच्या निमंत्रणाचा एक मेसेज तिच्यात बसायचा नाही. या चिपमध्ये काही जळत नसे. इलेक्ट्रॉन एका इन्सुलेशनच्या भिंतीपलीकडे ढकलून तिथं कोंडून ठेवत. खरं तर ‘कोंडणे’ हे क्रियापद जास्त बरोबर ठरलं असतं, पण कुणी वापरलं नाही. ज्या यंत्रानं हे काम करत त्याला ‘ईप्रॉम बर्नर’ म्हणत. घरचे विचारायचे, ‘बर्नर घ्यायला चाललास? गॅसचा?’ नंतरच्या लोकप्रिय ‘२७१६’ चिपला एका बाइटमागे ५० मिलिसेकंद २५ व्होल्टचा दणका द्यावा लागे. २०४८ बाइट भरायला सुमारे १०० सेकंद. तेवढ्या वेळात बर्नरसमोर उभं राहून लोक हात जोडत, आणि ते फक्त सवयीमुळे नसे.

या चिपला डोक्यावर क्वार्ट्झची गोल खिडकी होती. लिहिलेलं पुसायचं तर त्या खिडकीतून अतिनील किरण आत सोडायचे. त्यासाठी ड्रॉवरवाली एक पेटी मिळे. पुण्यात बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांमध्ये इंजिनिअरिंगची पोरं तिची चौकशी करत हिंडायची. चिपा ड्रॉवरमध्ये ठेवायच्या, टायमर फिरवायचा आणि पंधरा-वीस मिनिटं चहा प्यायचा. पुसणं ही त्या काळी प्रतिष्ठेची, निवांत क्रिया होती. पण याच खिडकीनं एक काळजीही मागे लावली. उघड्या खिडकीची चिप थेट उन्हात ठेवली तर साधारण आठवड्यात, आणि खोलीतल्या ट्यूबलाइटखाली ठेवली तर साधारण तीन वर्षांत कोरी होऊ शकते, असा इशारा कंपन्यांच्या माहितीपत्रकांतच छापलेला असे. म्हणून लिहून झालं की खिडकीवर स्टिकर चिकटवत आणि त्यावर आवृत्तीचा क्रमांक लिहीत. मे महिन्यात गच्चीवर पापडांच्या शेजारी विसरलेला प्रोजेक्ट परीक्षेपर्यंत कोरा होऊ शकेल, ही भीती आजच्या पोरांना समजणार नाही. त्यांचा प्रोजेक्ट उन्हात ठेवावाच लागत नाही, तो आधीपासूनच कोरा असतो.

मग आला आजचा सर्वमान्य शब्द, फ्लॅश. फ्लॅश मेमरीचा शोध तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी लावला आणि १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या परिषदेत तो जगासमोर मांडला. नाव सुचवलं त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांनी. या मेमरीतला अख्खा ठोकळा एका दमात कोरा होतो हे पाहून त्यांना कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला. इथं वाचकांनी क्षणभर थांबावं. फ्लॅश हे नाव पुसण्याला दिलेलं आहे! झगमगाट झाला तो मजकूर नाहीसा होण्याचा. आणि आज साऱ्या जगात ‘बोर्ड फ्लॅश केला’ याचा अर्थ बोर्डात मजकूर भरला असा आहे. ज्या शब्दाचा जन्म रिकामं करण्यातून झाला तो भरण्यासाठी वापरायचा, हे फक्त दोनच क्षेत्रांत शक्य आहे. एक इलेक्ट्रॉनिक्स आणि दुसरं सरकारी तिजोरी.

खऱ्या फ्लॅशनंही एकदा सूड उगवला. फेब्रुवारी २०१५ मध्ये रास्पबेरी पाय २ हा छोटा संगणक बाजारात आला. हौशी लोकांनी त्याचे फोटो काढले, तर झेनॉनचा फ्लॅश पडताच तो बंद पडून पुन्हा चालू व्हायचा. त्याच्यावरची विजेचा पुरवठा सांभाळणारी एक चिप जवळजवळ उघड्या सिलिकॉनची होती आणि प्रखर प्रकाशानं ती गडबडायची. म्हणजे पेढे वाटायचे, फोटो काढायचा आणि बारसं झालेलं बाळ बेशुद्ध! उपाय अगदी घरगुती निघाला. त्या चिपवर काहीतरी झाकण घाला.

जाळण्याचा तिसरा भाऊ म्हणजे फ्यूज उडवणं. अ‍ॅटमेलच्या एव्हीआर मालिकेतल्या चिपांमध्ये ‘फ्यूज बिट’ असतात. चिपनं कोणत्या वेगानं चालायचं, रीसेटची पिन वापरायची की नाही, हे त्यांनी ठरतं. नाव फ्यूज असलं तरी ते उडत नाहीत. पुन्हा पुन्हा बदलता येतात. बरं, फ्यूज ‘प्रोग्राम केलेला’ असला तर त्याची किंमत ०, आणि ‘न केलेला’ असला तर १. कोरी फ्लॅश मेमरी वाचली तरी सगळीकडे १ च १ दिसतात. म्हणजे या दुनियेत शून्य म्हणजे काम झालं आणि एक म्हणजे काहीच झालेलं नाही. आपल्याकडे रिकाम्या माणसाला शून्य समजतात, इथं रिकामपण सगळीकडे एक नंबर असतं. त्यातच कुणी रीसेटची पिन बंद करणारा फ्यूज लावला, तर मजकूर घालणारं नेहमीचं यंत्र त्या चिपशी बोलूच शकत नाही. मग १२ व्होल्ट देणारं वेगळं यंत्र आणून तिची समजूत काढावी लागते. खरोखर एकदाच उडणारे फ्यूजही आहेत. ईएसपी३२ या चिपमधले ई-फ्यूज एकदा ० चे १ झाले की ब्रह्मदेवाला परत फिरवता येत नाहीत. थोडक्यात, एका चिपमधला फ्यूज नावापुरता, दुसऱ्या चिपमधला अस्सल, आणि एकात ‘हो’ म्हणजे शून्य तर दुसऱ्यात ‘हो’ म्हणजे एक. टेबलावरच्या ताईंनी ‘फ्यूज झाला का?’ या प्रश्नाला काय उत्तर द्यावं हे त्यांनीच ठरवायचं.

या सगळ्यातून जे वाचत नाही त्याची वीट होते. अर्धवट लिहिलेलं, चुकीचं लिहिलेलं किंवा मधेच वीज गेलेलं उपकरण ‘ब्रिक’ झालं म्हणतात. दार अडवून ठेवण्यापलीकडे उपयोग नाही, असा त्याचा भाव. इथं मात्र आपलं आणि इंग्रजीचं जमत नाही. आपल्याकडे विटेला मान आहे. पंढरपुरात साक्षात विठ्ठल तिच्यावर उभा आहे. एका वारकरी सुपरवायझरना मी ‘वीट झाली’ हा शब्द कधीही वापरताना ऐकलं नाही. ते ‘बोर्ड शांत झाला’ म्हणतात. वीट आला तो त्यांना इंजिनिअरांचा, पुल्लिंगी. रोज नवी फाइल पाठवतात म्हणून.

माणसं आणि हत्यारं यांच्या नावांतही असाच गोंधळ आहे. ‘प्रोग्रॅमर’ म्हणजे प्रोग्रॅम लिहिणारा इंजिनिअर आणि ‘प्रोग्रॅमर’ म्हणजे तो चिपमध्ये घालणारा हातभर लांबीचा डबा. ‘आमचा प्रोग्रॅमर गरम होतोय, दुसरा मागवा’ हे वाक्य ऐकून एचआर विभागानं एकदा जाहिरातीचा मसुदा तयार केला होता. एका वेळी आठ-दहा चिपांमध्ये लिहिणारा डबा म्हणजे ‘गँग प्रोग्रॅमर’. ‘बेड ऑफ नेल्स’ म्हणजे स्प्रिंगच्या टोकदार पिनांनी भरलेलं जिग. त्यावर बोर्ड पालथा घालून दाबला की प्रत्येक पिन आपापल्या टेस्ट पॉइंटला टेकते. भीष्मांनी उत्तरायणाची वाट पाहिली, बोर्ड हिरव्या दिव्याची पाहतो. ‘गोल्डन पीस’ म्हणजे सगळ्यांनी सह्या करून कपाटात कुलूपबंद ठेवलेला नमुन्याचा बोर्ड. त्यात सोनं जेमतेम, पण त्याची किल्ली हरवली की अख्खी लाइन थांबते.

‘जेटॅग’ची कथा वेगळीच आहे. १९८५ मध्ये चिपांच्या कंपन्यांनी बोर्ड तपासायची एक सामाईक पद्धत ठरवायला गट नेमला. जॉइंट टेस्ट अ‍ॅक्शन ग्रुप. १९९० मध्ये त्यातून आयट्रिपलई ११४९.१ हे मानक आलं. लोकांनी मानकाचा क्रमांक विसरून समितीचंच आद्याक्षरी नाव उचललं. आता बोर्डवरच्या पिनांना जेटॅग म्हणतात, केबलला जेटॅग म्हणतात आणि ‘जरा जेटॅग करून बघ’ असंही म्हणतात. आपल्याकडे शेकडो समित्या होऊन गेल्या, पण एकीचंही क्रियापद झालं नाही. समितीनं काहीतरी काम केल्याशिवाय ते होतही नसावं.

आणि मोसी! चिपमध्ये मजकूर घालायच्या चार तारांपैकी एकीचं नाव मोसी, दुसरीचं मिसो. मालकाकडून गुलामाकडे जाणारी ती मोसी आणि उलटी येणारी ती मिसो, असा त्या इंग्रजी आद्याक्षरांचा अर्थ. मालक आणि गुलाम हे शब्द आता जगभर टाळले जातात, त्याजागी कंट्रोलर आणि पेरिफेरल आले आहेत. भोसरीच्या कारखान्यांत मात्र फरक पडलेला नाही, कारण तिथं मोसी ही कधीच कुणाची मालक नव्हती. ‘सर, मोसी सुटली’ असं ऐकलं की लाइनवरची उत्तर प्रदेशातून आलेली पोरं आजही हसतात. त्यांच्याकडे मौसी म्हणजे मावशी.

एवढी पार्श्वभूमी सांगितली, कारण कारखान्यांसाठी मराठीत सूचनापत्रकं लिहून देणं हा माझा जोडधंदा आहे. पाण्याच्या टाकीचे मोटर कंट्रोलर बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मला बोलावलं होतं. टाकी भरली की पंप बंद, रिकामी झाली की चालू, असं करणारा तो डबा. टेबलावर लावायच्या कागदावर या कामाला म्हणायचं काय, एवढा एकच प्रश्न बैठकीत होता. तो चहाच्या दोन फेऱ्यांना पुरला.

डिझाइनचे साहेब म्हणाले, ‘प्रोग्रामिंग लिहा. शास्त्रशुद्ध आहे.’ टेबलावरच्या ताईंनी लगेच विचारलं, ‘म्हणजे सर, आमच्या पगाराच्या चिठ्ठीवरपण प्रोग्रॅमर येणार का?’ साहेबांनी शास्त्र मागे घेतलं. प्रॉडक्शनवाले म्हणाले, ‘फ्लॅशिंग लिहा, सगळे तेच म्हणतात.’ एचआरच्या मॅडम म्हणाल्या, हा शब्द मी भिंतीवर लावू देणार नाही. कारण त्यांनी सांगितलं नाही. ज्यांचं इंग्रजी चांगलं होतं ते चहाच्या कपात बघू लागले. मेंटेनन्सचे जुने काका म्हणाले, ‘बर्निंग. आमच्या वेळेपासून बर्निंगच आहे.’ सेफ्टी ऑफिसर उठून उभे राहिले. ‘बर्निंग स्टेशन अशी पाटी लावली तर तिथं वाळूच्या बादल्या ठेवाव्या लागतील आणि ऑडिटला उत्तर मी देणार नाही.’ कुणी ‘लोडिंग’ सुचवलं. पण लोडिंग म्हटलं की गेटवरचा वॉचमन टेम्पोचा नंबर मागतो.

गिऱ्हाईक कंपनीचे प्रतिनिधी बंगळुरूहून ऑनलाइन होते. ते म्हणाले, ‘आम्ही याला प्रोव्हिजनिंग म्हणतो.’ स्टोअरच्या साळुंखेदादांनी वहीत लिहून घेतलं आणि हळूच विचारलं, ‘म्हणजे कॅन्टीनचा किराणा आपल्याकडे येणार का?’ महाराष्ट्रात प्रोव्हिजन स्टोअर्समध्ये तूरडाळ मिळते, त्यात दादांचा दोष नाही. खरं तर तो शब्द कामाचा होता. सगळ्या बोर्डांत एकच मजकूर जातो ते एक, आणि प्रत्येक बोर्डाला स्वतःचा अनुक्रमांक आणि गुप्त किल्ली दिली जाते ते दुसरं. या दुसऱ्याला प्रोव्हिजनिंग म्हणतात. पण तूरडाळीनंतर तो सावरला नाही.

शेवटी मालकांचे वडील बोलले. ते निवृत्त मुख्याध्यापक. ‘आपल्याकडे यासाठी सुंदर शब्द आहे, प्राणप्रतिष्ठा.’ क्षणभर सगळे गप्प झाले. मग क्वालिटीच्या मॅडमनी विचारलं, ‘आणि वॉरंटीत परत आलेल्या बोर्डाला काय म्हणायचं, सर? विसर्जन?’ बैठक तिथं संपली. कागदावर कुठलाच शब्द न लिहिता जिगचा फोटो लावायचं ठरलं. बोलण्यात मात्र सगळ्यांचा जुना शब्द चालू राहिला: ‘मारलं का?’

आणि त्या शब्दानंच घात केला. एका शनिवारी माल निघायची घाई होती. टेम्पो दारात उभा. डिस्पॅचच्या साहेबांनी पॅकिंगच्या ताईंना लांबूनच ओरडून विचारलं, ‘ताई, सगळ्या ट्रेंना मारलं का?’ ताई म्हणाल्या, ‘मारलं, साहेब.’ माल गेला. पुढच्या आठवड्यात सांगलीच्या एका इलेक्ट्रिशियनचा फोन आला. टाकी वाहत होती का? नाही. टाकी भरतच नव्हती. डब्याचा दिवासुद्धा लागत नव्हता. परत आलेले बोर्ड प्रोग्रॅमरला जोडून वाचले, तर सगळीकडे १ च १. अखंड, निर्मळ, एक नंबरचं रिकामपण. शेवटचा एक अख्खा ट्रे फर्मवेअरच्या टेबलाकडे न जाताच पॅकिंगला आला होता. साहेबांनी ताईंना बोलावलं. ‘तुम्ही मारलं म्हणालात ना?’ ताई शांतपणे म्हणाल्या, ‘मारलंच होतं साहेब. शिक्का. प्रत्येक बोर्डावर “ओके”चा शिक्का मारलाय, बघा की.’

सगळ्यांनी बघितलं. खरंच मारला होता, अगदी सरळ. ताईंवर ठपका ठेवायला कुणाकडेही जागा नव्हती. कोरा बोर्ड आणि भरलेला बोर्ड शेजारी ठेवले तर रंगानं, वजनानं, वासानं, कशानंही ओळखू येत नाहीत. ओळखायचा एकच मार्ग असतो, तो म्हणजे आत काय आहे ते परत वाचून बघणं. आणि या साध्या कृतीला ना आगीचा शब्द मिळाला, ना मारामारीचा. इंग्रजीत ती ‘व्हेरिफाय’. ऐकूनच झोप यावी असा शब्द.

प्रत्यक्षात चांगल्या कारखान्यात पाच गोष्टी क्रमानं होतात. आधी चिप पुसायची. मग ती खरंच कोरी झाली का बघायचं. मग लिहायचं. मग लिहिलेलं परत वाचून मूळ फाइलशी ताडायचं. आणि शेवटी कुलूप लावायचं, म्हणजे कुणी आपला मजकूर चोरून वाचू नये. क्रम चुकवून चालत नाही. बऱ्याच चिपांमध्ये कुलूप आधी लावलं तर ताडायला आत डोकावताच येत नाही, आणि मग यंत्र चांगल्या बोर्डालाही नापास करतं. यातलं ताडणं लोकांना वेळ खाणारं वाटतं. महिनाअखेरीला, टार्गेट मागे पडलं की पहिल्यांदा त्यालाच कात्री लागते. कॅशियरनं यंत्रात मोजून दिलेल्या नोटा आपण खिडकीपाशीच थुंकी लावून पुन्हा मोजतो आणि मागची रांग चुकचुकली तरी हलत नाही. चिपच्या बाबतीत मात्र आपण यंत्राच्या शब्दावर विश्वास ठेवून टेम्पो सोडतो.

गंमत म्हणजे फाइल लिहिणाऱ्यांनी ही काळजी आधीच घेतलेली आहे. बऱ्याच कारखान्यांत फर्मवेअर हेक्स फाइलच्या रूपात येतं. इंटेलनं ठरवलेल्या त्या पद्धतीत प्रत्येक ओळीच्या शेवटी बेरजेचा एक ताळा असतो. ओळीतले सगळे बाइट ताळ्यासकट मिळवले की उत्तराचा शेवटचा बाइट शून्य यायलाच हवा. शून्य आलं नाही तर ओळ खोटी. फाइल संपली हे सांगणाऱ्या शेवटच्या ओळीत एकही कामाचा बाइट नसतो, तरी तिच्याही शेवटी ताळा असतो. ‘आता काही नाही’ एवढं सांगतानासुद्धा ती फाइल पुरावा देते. आपण माणसं ‘झालं’ म्हणतो आणि टोपी घालून घरी जातो.

त्या कारखान्यात आता हिरवा दिवा ताडून झाल्यावरच लागतो आणि दिवा लागल्याशिवाय शिक्क्याचा डबा उघडत नाही. माझ्या कागदावर फोटोच्या खाली पाच ओळी आल्या: पुसा, कोरं आहे का बघा, लिहा, ताडून बघा, कुलूप लावा. लाइनवर अजूनही सगळे मारतातच, आणि त्याला माझी हरकत नाही. बोलायला भाषा रसरशीतच हवी.

पण तुमच्या कारखान्यात, ऑफिसात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, कुठेही कुणी ‘झालं’, ‘केलं’, ‘मारलं’ म्हणालं, तर टेम्पो सोडण्याआधी एवढंच विचारा: काय मारलं? आणि उत्तर शिक्का असं आलं, तर डबा उघडून बघा.